एकच पुरे, दुसरा नको

"काय गं, कुणाचं ठरलंय एकच पुरे म्हणून?"

जास्वंदीच्या फांद्यांतून सुमनकाकूंचा चेहरा वर आला आणि मी फोन बाजूला ठेवला. चूक माझीच. उकडतंय म्हणून मागच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले आणि ऑफिसातल्या नव्या पोराला मोठ्यांदा सांगत होते, की एकच पुरे, दुसरा होऊच द्यायचा नाही, जन्माची वाटच प्रायव्हेट करून टाक. मधली भिंत जेमतेम चार फूट. पलीकडे काकू पापड वाळत घालत होत्या.

"कुणाचं नाही हो काकू, प्रोग्राममधलं आहे."

"हो, हल्ली सगळं प्रोग्राम आखूनच करतात."

आता न सांगून चालणार नव्हतं. म्हटलं, काकू, क्लास म्हणजे साचा आणि त्यातून पडतात ती ऑब्जेक्ट्स. पण काही गोष्टी अख्ख्या प्रोग्रामला मिळून एकच हव्या असतात. नोंदी लिहिणारा लॉगर, सेटिंग्ज, असलं काही. अशाला सिंगलटन म्हणतात.

"एकुलता एक म्हण. मग लाडावणारच. डोकं कुणाचं हे?"

"चौघांचं. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस. १९९४ साली 'डिझाइन पॅटर्न्स' नावाचं पुस्तक काढलं त्यांनी. आमच्यात त्यांना गँग ऑफ फोर म्हणतात."

"चांडाळचौकडी म्हण की सरळ."

पुस्तकात तेवीस पॅटर्न्स आहेत, पण सगळ्यांना पाठ असतो तो हाच. मुलाखतीत विचारतात ना! आमच्या पोरानंही पाठ केलेलाच उतरवला होता: ऑब्जेक्ट आहे का बघ, नसेल तर बनव, असेल तर तोच दे.

"मग चुकलं काय त्याचं?"

"परवा तुमच्याकडे दुधाच्या दोन-दोन पिशव्या का झाल्या होत्या?"

काकूंनी पापडावरचा हात थांबवला. "ह्यांनी फ्रिज उघडला, दूध नाही, निघाले डेअरीत. मी आंघोळीहून आले, फ्रिज उघडला, दूध नाही, मी मागच्या गल्लीतून निघाले. शेवटी पनीर केलं. विचारशील तर तेही धड झालं नाही."

"काका आणि तुम्ही म्हणजे दोन थ्रेड. दोघांनी एकाच वेळी बघितलं, दोघांना रिकामं दिसलं, दोघांनी एकेक आणलं. झाला की नाही एकुलत्याला भाऊ? यावर उपाय म्हणजे फ्रिजला कुलूप. एकजण बघून दूध आणून ठेवेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं."

"आणि मग जन्मभर चहाच्या वेळी कुलूप काढत बसायचं? चार वेळा चहा होतो ह्यांचा."

नेमकं हेच. दूध एकदाच आणायचं असतं, कुलपाचा जाच मात्र दर वेळी. म्हणून शहाण्यांनी युक्ती काढली. आधी बिनकुलपाचं नुसतं डोकवायचं. रिकामं दिसलं तरच कुलूप लावायचं आणि कुलपाच्या आत पुन्हा एकदा बघायचं, कारण आपली पाळी येईपर्यंत दुसरा आणून ठेवून गेलेला असू शकतो.

"मग मिटलं की."

"नाही ना मिटलं! तुमच्या भाच्याच्या फ्लॅटचं आठवा. दारावर नावाची पाटी होती, आत फरशी नव्हती."

"गृहप्रवेशाला सतरंजीखाली वाळू!"

जुन्या जावात तस्संच होतं. कंपायलर आणि प्रोसेसर सोयीप्रमाणे कामं मागंपुढं करतात. त्यात ऑब्जेक्टचा पत्ता आधी लागायचा आणि आतलं सामान मागून. दुसरा थ्रेड पाटी बघून बिनदिक्कत आत शिरायचा आणि अर्धवट वस्तू वापरायला लागायचा. पुस्तकांतून, लेखांतून ही युक्ती मिरवली गेली आणि ती मुळातच मोडकी निघाली. २००४ साली जावा ५ आलं, मेमरीचे नियम नव्यानं लिहिले गेले. तेव्हापासून 'व्होलाटाइल' एवढा शब्द लावला, की सामान आधी आणि पाटी नंतर, याची हमी मिळते. चूक सुधारताना आमच्या पोरानं हीच युक्ती लावली आणि बरोबर तोच शब्द गाळला. वर म्हणतो, माझ्या मशीनवर चालतंय. चालणारच! असले घोळ गिऱ्हाइकाकडेच दिसायचे.

"मग तू काय सांगितलंस त्याला?"

सांगितलं, कसरत सोड. एक स्टॅटिक फायनल ओळ लिही, तिथंच ऑब्जेक्ट बनव. तो म्हणाला, पण मॅडम, लागेल तेव्हाच बनायला हवा ना? या 'लागेल तेव्हाच'पायी निम्मी मंडळी वाया गेली आहेत, असं माझं मत. अरे, जावात क्लास पहिल्यांदा वापरला जातो तेव्हाच तो मांडला जातो, आणि मांडताना कुलूप जावाच लावतं, फुकटात. त्याच क्लासात आणखी स्टॅटिक पसारा असेल आणि त्याला हात लागून ऑब्जेक्ट उगाच आधी बनत असेल, तर आत एक छोटा क्लास करून त्यात ठेव. बिल प्यू यांच्या नावानं ओळखली जाते ती रीत. जोशुआ ब्लॉक यांनी तर 'इफेक्टिव्ह जावा'च्या २००८ च्या आवृत्तीत सांगून टाकलं, की एकाच नावाचा इनम करा, तो सगळ्यांत बरा.

"इनाम?"

"इनम. ठरलेल्या नावांची यादी असते ती. इथं यादीत नाव एकच."

"त्यानं काय होतं?"

"काकू, वाट प्रायव्हेट केली तरी जावात रिफ्लेक्शन नावाची पहार आहे. तिनं दार उचकटून दुसरा बनवता येतो. शिवाय ऑब्जेक्ट फाइलीत लिहून परत वाचला, की वाचलेला वेगळाच निघतो. चेहरा तोच, माणूस दुसरा."

"डबल रोल!"

"हो. इनमला या दोन्ही वाटा भाषेनंच बंद केल्यात. फक्त त्याला दुसऱ्या क्लासचा वारस होता येत नाही."

कोट्लिनमध्ये 'ऑब्जेक्ट' या एका शब्दात काम होतं, पायथनमध्ये मॉड्यूल एकदाच लोड होतं म्हणून तेच एकुलतं, आणि सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून फंक्शनमधला स्टॅटिक एकदाच बनण्याची हमी आहे, हे मी सांगत होते, पण तोवर पापडावर कावळा उतरला होता. काकू त्याला हाकलून परत भिंतीशी आल्या.

"एवढं सगळं आहे तर मघाशी कपाळाला हात का लावलास?"

काकूंचं लक्ष असतं. म्हटलं, दुखणं वेगळंच आहे. आमच्याकडे सेटिंग्जचा सिंगलटन आहे, चार वर्षांपूर्वी मीच केलेला. तेव्हा डेटाबेस एकच होता. आता गिऱ्हाइकाला रिपोर्टसाठी दुसरा हवाय, आणि 'एकच आहे' हे गृहीत कोडात जागोजाग मुरलंय. टेस्टचं तर विचारूच नका. एक टेस्ट सिंगलटनमध्ये काहीतरी बदलून जाते आणि पुढची पडते. एकेकटी चालवली की दोघीही पास.

"सोसायटीच्या मोटरीच्या किल्लीसारखं," काकू म्हणाल्या. "कुणीही येतं, मोटर लावतं, टाकी वाहते आणि विचारलं तर कुणीच लावलेली नसते. किल्ली एकच आहे हा त्रास नाहीच गं. जिन्यात खिळ्याला टांगली आहे, हा त्रास."

मी लॅपटॉप मिटला. एवढं सोपं करून मला त्या पोराला सांगता आलं नव्हतं. एक असणं वेगळं आणि कुणाचाही हात पोचणं वेगळं. सिंगलटन दोन्ही एका गाठीत बांधतो. त्यापेक्षा सुरुवातीला एकदाच ऑब्जेक्ट बनवायचा आणि ज्याला लागेल त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून हातात द्यायचा. उद्या दोन लागले तर दोन बनवायचे. स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क्स हेच करतात. वेगळं सांगितलं नाही तर एका कंटेनरला एकच ऑब्जेक्ट, पण तो मागणाऱ्याच्या हातात.

"चौकडीतल्या गामांनीसुद्धा २००९ च्या एका मुलाखतीत सांगितलं, की पुस्तकातून काही गाळायचं तर मी सिंगलटन गाळीन."

"पंधरा वर्षांनी!" काकू हसल्या. "तोवर सगळ्यांनी पाठ केला असेल."

तेवढ्यात पोराचा पुन्हा फोन. सांगितलं, सेटिंग्जचा काढून टाक, साधा क्लास कर, एकदाच बनव आणि पुढे देत जा. लॉगर राहू दे, त्याचा इनम कर. काकू कडीपत्ता घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वहिनी भेटल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातल्या त्या मुलाला एकसुद्धा नको आहे म्हणे?"