घराला चाकं, घरच्यांना काटा

यंदा गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीच शाळांच्या रेटिंगबद्दल बोलेना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. न्यू जर्सीतली मराठी माणसं जमलीत, आणि शाळा नाही, घरांचे भाव नाहीत, ग्रीन कार्डसुद्धा नाही? कान दिला, तर विषय ट्रेलरचा! सिनेमाचा नव्हे हो, गाडीमागे बांधून न्यायचा. आत गादी, ओटा, न्हाणी आणि, शिव शिव, संडास. तो म्हणे नळी लावून आपला आपणच रिकामा करायचा, तोही चारचौघांत. घरी ज्यांनी कधी बेसिनची जाळी उचलली नाही, ते गृहस्थ मोदक खाता खाता मला संडासाच्या काळ्या टाकीतला आणि सांडपाण्याच्या करड्या टाकीतला फरक समजावत होते!

बरं, ओढणार कशाने? मुलीला भरतनाट्यमला सोडणाऱ्या मिनीव्हॅनने! टोयोटाची सिएना, होंडाची ओडिसी, कियाची कार्निव्हल, तिघींची झेप ३,५०० पौंडांची, म्हणजे साधारण १,५९० किलो. क्रायस्लरची पॅसिफिका टोइंग पॅकेज घेतलं तर शंभर पौंड जास्त ओढते. पण तिच्या हायब्रिडने काही ओढू नये, असं कंपनीच सांगते. आमच्यातल्या एकाने पर्यावरणाचं पुण्य म्हणून नेमकी तीच घेतली होती. तो मुकाट्याने पंचखाद्य चघळत उभा.

"आमचा तर फक्त २,३०० पौंडांचा," एक वहिनी मानेला झटका देऊन म्हणाल्या. अहो, ते कोरडं वजन! बायोडेटातल्या वजनासारखं, लग्न ठरेपर्यंत खरं. त्यात पाणी नाही, सामान नाही, डबे नाहीत. नुसतं वीस गॅलन पाणी भरलं की १६७ पौंड वाढले. म्हणून जाणती माणसं कोरडा आकडा वाचतच नाहीत; पूर्ण भरल्यावर किती चालेल, ती कमाल मर्यादा वाचतात. एअरस्ट्रीमच्या छोट्या बेसकॅम्पची ही मर्यादाच ३,५०० आहे. म्हणजे कागदावर सिएनाच्या पदरात बसते, पण मग त्यात एक चमचासुद्धा जास्त नको.

त्यापेक्षा मिनेसोटात बनणारा तेरा फुटी स्कँप बरा, असा एका गटाचा आग्रह. फायबरग्लासचे दोन साचे, नारळाच्या दोन वाट्या जोडाव्यात तसे मधोमध जोडलेले. सांधे कमी, म्हणून गळायची भीती कमी. दुसरा गट बुटक्या, गोल पाठीच्या ट्रेलरचा: उंच चौकोनी खोका वाऱ्याला छाती देतो आणि गाडीचा दम काढतो, हे त्यांचं म्हणणं. दोन्ही गटांत आता हळदीकुंकवाचं जाणंयेणंही बेताचंच उरलंय.

पण खरी अब्रू जाते ती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर. तिथल्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून गाडीत इतकंच वजन. समजा १,२०० पौंड. ट्रेलरचं नाक, ज्याला हे लोक टंग म्हणतात, गाडीच्या मागच्या आकड्यावर, म्हणजे हिचवर टेकतं, तेव्हा त्याचाही भार यातच धरायचा. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा, घ्या ३००. उरले ९००. त्यात चार मोठी माणसं, दोन मुलं आणि बॅगा बसवायच्या, तर प्रत्येकाला वजन विचारायला हवं की नको? एका जावयाने वही-पेन घेऊन सासूबाईंना विचारलं म्हणे! त्या घरात दोन दिवस फक्त खिचडी शिजली.

आता आतली गोष्ट. आमच्या ओळखीचं एक कुटुंब, आजींसकट, शेनान्डोआ नॅशनल पार्कला निघालं. आय-८१ महामार्गावर शेजारून मोठा ट्रक गेला की मागचा ट्रेलर शेपटी हलवायला लागायचा. मुलं रडवेली, वहिनींचं अथर्वशीर्ष सुरू. शेवटी एका थांब्यावर ट्रेलर सोडवला, आणि भारतात जाताना तेवीस किलोच्या बॅगा ज्यावर तोलतात, तो बाथरूममधला काटा सामानातून काढून ट्रेलरच्या नाकाखाली ठेवला. ट्रेलर सगळा भरून २,८०० चा. काट्यावर निदान २८० दिसायला हवे होते. दिसले १९०!

झडती सुरू झाली. ओटा मागच्या टोकाला, आणि त्याखालच्या कपाटात आजींचा संसार: दगडी खलबत्ता, दोन कुकर, तांदळाची थैली, बिडाचा तवा, पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके. शंभरावर पौंड, सगळे चाकांच्या मागे! मागे भार पडला की नाक हलकं होतं, आणि नाक हलकं झालं की शेपूट हलतं. आजींच्या मुलाने खलबत्ता उचलून कचराकुंडीकडे मोर्चा वळवला.

"ठेव तो खाली," आजी म्हणाल्या. "टाकायचा कशाला? बैलगाडीत पोती मागे रचलीस तर जू वर उचलतं, एवढं साधं कळत नाही? पुढे घे सगळं."

सगळं पुढच्या बाकाखाली सरकवलं. काट्यावर २८५. शेपूट शांत.

परवा आणखी एका घरी नवा ट्रेलर आला. पूजेला भटजी नंतर बोलावले, आधी आजींना घ्यायला गाडी गेली. त्यांनी आतून सगळं पाहिलं, मागचं कपाट उघडलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे रिकामंच ठेवा."