जंगल आमचं, दर तुमचे!
ताडोबालगतच्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टमालकाला खुले पत्र

मालकसाहेब,

धानाच्या बांध्या मोडून तुमचं कुंपण उभं राहिलं. तुमची जाहिरात लंडन-सिंगापूरपर्यंत पोहोचली. आता मोहर्लीचं म्हणणंही ऐकून घ्या.

तुम्ही वाघाच्या नावावर खोल्या विकता. तो वाघ तुम्ही राखलेला नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे वाघाला मोकळं रान मिळावं म्हणून बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांनी घरंदारं सोडली. २००९ साली ताडोबाजवळ लोहाऱ्याची कोळसा खाण होऊ घातली, तेव्हा पर्यावरण कार्यकर्ते बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि ती खाण अडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीने जीव घेतला. या सगळ्यात तुमचं काय गेलं?

मार्च-एप्रिलात या, पण पाहुणे घेऊन नको, एकटे या. पहाटे बाया टोपली घेऊन मोहाखाली वाकतात. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. मागे पाला वाजला की वेचता हात थांबतो. फुलं वेचून, वाळवून विकायची, तेव्हा घरात मीठ-मिरची येते. ज्या वाघाची त्यांना धास्ती, त्याच्याच दर्शनासाठी तुमचा पाहुणा एका रात्रीला जे मोजतो, ते त्याची खोली झाडणाऱ्या बाईला महिनाभर राबूनही मिळत नाही.

आमची संस्कृतीही तुम्ही भाड्याने लावली. लग्नात, सणात सारा गाव ज्या रेला नाचात उतरतो, तो तुम्ही जेवणाआधी शेकोटीपुढे अर्धा तास नाचवून घेता. भिंतीवरची गोंड चित्रं मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या शैलीची. इथल्या गोंड घरातली एकही वस्तू तुम्हाला विकत घ्यावीशी वाटली नाही. ज्या तारू देवावरून ताडोबा हे नाव पडलं असं लोक सांगतात, तो तुमच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकला.

रोजगार दिला म्हणता. गाईड, जिप्सीचालक म्हणून पोरं कमावती झाली, पोरीही गाईड झाल्या, हे खरंच आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मार्च २०२० मध्ये सफारी बंद पडली, तेव्हा जगाच्या बाजारावर टांगलेली ही कमाई एका दिवसात थांबली. गावाच्या हातात स्वतःचं काही हवं, ते यासाठी.

ते होऊ शकतं. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बांबूचा व्यवहार ग्रामसभा करते. तेंदूपानासाठी जंगलाला आग लावली जाते, फांद्या तोडल्या जातात म्हणून त्या पानाचं उत्पन्नही गावाने आपणहून सोडलं. बाहेरच्या बाजाराशी त्यांचं वैर नाही. मात्र किती विकायचं आणि काय राखायचं, हे गाव ठरवतं.

मोहर्लीलाही हेच हवं आहे. प्रत्येक खोलीच्या भाड्यातला ठरलेला वाटा ग्रामसभेच्या खात्यात जमा करा. तांदूळ, भाजी, मोह गावातूनच रास्त भावाने घ्या. झाडूवाल्यापासून व्यवस्थापकापर्यंतच्या जागा गावच्या पोरापोरींना द्या, शिकवून द्या. नाच हवा असेल तर गावाला विचारा. गाव नाही म्हणालं तर ते ऐका. आणि पुढच्या ग्रामसभेला तुमचा माणूस न पाठवता स्वतः या, हिशेबाची वही घेऊन.

मोहर्लीचा एक रहिवासी