भोपळ्याचं तिकीट

मिरजेच्या तानपुऱ्याचं नाव मिरजेचं, पण पोट आमच्या सोलापूर जिल्ह्याचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठानं हे भोपळे पिकतात. भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू, कोणी तोंडात धरणार नाही असा, आणि म्हणूनच गाण्यासाठी शिल्लक राहिलेला. वेलावर असतानाच शेतकरी त्याला नीट बसवून ठेवतो. एका कुशीवर कलून वाढलेल्या भोपळ्याला मिरजेत गिऱ्हाईक नाही. मग तो वाळतो, हलका होतो, टेंपोत एकावर एक रचला जातो आणि सांगोल्याच्या रस्त्यानं मिरजेला पोचतो. तिथले कारागीर त्याला पाण्यात भिजवतात, तोंड कापतात, आतला गर खरवडतात, काड्यांचा ताण देऊन आकारात आणतात. वर तबली बसते, दांडी जोडली जाते, खुंट्या, घोडी, मणी येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मिरजेत पेढे वाटले असतील. मंगळवेढ्यापर्यंत काही आले नाहीत.

प्रवास या भोपळ्याला नवा नाही. लेकीकडे चार दिवस खाऊनपिऊन गुटगुटीत झालेली म्हातारी भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांच्या हातावर तुरी देते, ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी पोर मोठं होत नाही. स्वस्तातलं पहिलं विमान ते तेच: जेवण मिळणार नाही, पाय पसरता येणार नाहीत, पण पोचवेल. त्या गोष्टीत म्हातारीला भोपळ्यानं नेलं. आता माणसानं भोपळ्याला न्यायची पाळी आली की वाटेत निराळे वाघ भेटतात. ते गळ्यात ओळखपत्र घालून काउंटरमागे उभे असतात आणि फार अदबीनं बोलतात.

माझी पुतणी पुण्यात गाणं शिकते. तिला दिल्लीला एका मंडळाचं बोलावणं आलं. मंडळ मराठी, त्यामुळे तिकीट स्वस्तातल्या विमानाचं. सोबत म्हणून मी. म्हणजे गाण्याला नव्हे, ओझ्याला.

तानपुरा प्रवासाला निघतो तेव्हा त्याची तयारी बघण्यासारखी असते. आधी चारही तारा उतरवायच्या. पण पार सैल सोडायच्या नाहीत, नाहीतर घोडी जागची हलते. घोडीवर तारांखाली जवारीचे सुताचे धागे असतात, ते काढून कागदाच्या पुडीत बांधायचे. मणी घसरू नयेत म्हणून खाली सरकवून ठेवायचे. तबलीवर मऊ पंचा. भोपळा आणि पेटी यांच्यामध्ये जिथं म्हणून पोकळी दिसेल तिथं कापड कोंबायचं. पुतणीनं तिथं कार्यक्रमात नेसायची साडी कोंबली, मग शाल, मग माझा स्वेटर. तिच्या बॅगेत काय उरलं म्हणून पाहिलं, तर तारांची भेंडोळी, पक्कड आणि भोपळ्याला लागला तर असावा म्हणून डिंक. तानपुऱ्याचं सामान तिच्याकडे आणि तिचं तानपुऱ्याकडे, अशी वाटणी झाली.

काउंटरवरच्या मुलानं पेटी पाहिली आणि हसरा चेहरा जागच्या जागी ठेवून म्हणाला, "सर, केबिनमध्ये नाही जाणार हे." आपल्याकडच्या स्वस्त विमानांत हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा, आणि लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर. मर्दानी तानपुरा पाच फुटांच्या घरातला. नुसती लांबीच दीडशे सेंटिमीटरच्या वर जाते, रुंदीपर्यंत बेरीज पोचतच नाही. त्यानं खात्री करायला पेटी उचलली आणि चकित झाला.

"एवढा हलका? आत काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग एवढा मोठा कशाला?"

संगीतशास्त्रावरचे ग्रंथ मी थोडेफार चाळले आहेत, पण इतका मुद्देसूद प्रश्न त्यांत सापडला नव्हता. पुतणी म्हणाली, "आत काही असतं तर वाजला नसता." त्यानं मान डोलावली आणि एक लेबल पुढं सरकवलं. त्यावर सही करायची. तिचा मराठीत अर्थ असा की, मोडला तर तुमचं तुम्ही बघा. सही झाल्यावर त्यानं पेटीवर 'फ्रॅजाइल'चा स्टिकर लावला. ज्या हातानं जबाबदारी झटकली त्याच हातानं नाजूकपणाचं प्रमाणपत्र दिलं, याचं मला कौतुक वाटलं. दिल्लीला तानपुरा आला, शाबूतही आला. फक्त स्टिकर खालच्या अंगाला आणि एक खुंटी निघून स्वेटरात गुरफटलेली.

यात आम्ही काही वेगळं भोगलं असं नाही. डेव्ह कॅरल नावाच्या कॅनडातल्या गायकाची गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली, भरपाई नाकारली गेली, तेव्हा त्यानं त्यावर गाणंच केलं. २००९ साली ते गाणं जगभर गाजलं आणि कंपनीला गिटारीच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडलं. २०१४ मध्ये उस्ताद अमजद अली खाँ लंडनहून दिल्लीला उतरले, सरोद उतरला नाही. काही दिवसांनी सापडला, पण त्या दिवसांत उस्तादांना झोप कशी लागली असेल? अमेरिकेत २०१५ पासून नियम आहे की वरच्या कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यायलाच हवं. चांगला नियम आहे. पाच फुटांच्या माणसांना उपयोगाचा नाही.

मग उरतो दुसरा रस्ता, वाद्याचं तिकीट काढण्याचा. चेलो वाजवणारे हे सर्रास करतात. लिन हॅरेल हे अमेरिकेतले मोठे चेलोवादक होते. ते वर्षानुवर्षं चेलोसाठी शेजारची सीट पुऱ्या पैशांत घेत आणि वारंवार उडणाऱ्या प्रवाशांना कंपनी जे गुण देते, ते चेलोच्याही खात्यावर जमा करत. २०१२ साली डेल्टा कंपनीनं पत्र पाठवून दोघांचीही खाती बंद केली. मला यात हॅरेल यांचीच बाजू बरोबर वाटते. ज्यानं पूर्ण भाडं भरलं, खिडकीजवळ गुपचूप बसला, जेवण मागितलं नाही, पुढच्या सीटवर गुडघे मारले नाहीत, मुलं रडवली नाहीत, तो प्रवासी नव्हे तर कोण?

विमानाला दोनच प्रकार ठाऊक आहेत: एक प्रवासी आणि दुसरं सामान. वाद्य या दोहोंत बसत नाही, आणि हे कळायला वेळापूरला उभं राहिलं तरी पुरे. आमचं गाव माउलींच्या पालखीच्या वाटेवर. माळशिरसहून निघून खुडूस फाट्याचं रिंगण आटोपलं की पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. गावाआधीच्या उतारावर धावा होतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून दिंड्यांच्या दिंड्या उतारावरून पळत सुटतात. वारीलाही सामान असतं बरं का, आणि भरपूर असतं. तंबू, पातेली, वळकट्या, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या. ते सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये जातं. पण मृदंग ट्रकमध्ये टाकलेला मी पाहिलेला नाही. तो मृदंगवाल्याच्या गळ्यात, वीणा वीणेकऱ्याच्या छातीशी, टाळ टाळकऱ्याच्या हातात. उतारावर सगळे पळतात तेव्हा मृदंगही पळतो. मृदंग हा अंगावर घातलेला असतो, आणि अंगातल्या सदऱ्याचं वजन करा असं कोणी म्हणत नाही.

सप्ताहात तर वीणा खाली ठेवतच नाहीत. रात्रंदिवस पहारा चालतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोघंही वीणेला आणि एकमेकांना नमस्कार करतात. मी कधीकधी विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत उभा राहून विचार करतो, की अखंड सप्ताहातला वीणेकरी इथं आला तर काय होईल. वीणा ट्रेमध्ये ठेवा, असं तो जवान सांगणार. हा म्हणणार, ठेवत नसतात, तुम्ही घ्या गळ्यात. आणि जवान उत्तरेकडचा, भाविक घरातला असला, तर घेईलही. मग रांग पुढं सरकायची नाही, एवढंच.

आमच्याकडचे एक मृदंगवादक कीर्तनाच्या साथीला विमानानं गेले होते. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावावी लागते, त्याशिवाय धुमाला घुमारा येत नाही. उतरल्याबरोबर कीर्तन, तिथं पीठ कुठं शोधा, म्हणून बुवांनी घरच्या गव्हाचं पीठ पिशवीत बांधून घेतलं. तपासणीत पिशवी बाजूला निघाली.

"हे काय आहे?"

"कणीक."

"खायला?"

"नाही, वाजवायला."

या उत्तरानंतर बुवांना अर्धा तास बाकावर बसावं लागलं. अखेर मृदंग उघडून, पिठात पाणी घालून, पुडीला लावून, वाजवून दाखवल्यावर सुटका झाली. बुवा म्हणतात, ऐकणारे फार मन लावून ऐकत होते. तबलजींची हातोडी मात्र कितीही मन लावून समजावलं तरी केबिनमध्ये जात नाही. हत्यार ते हत्यार, मग त्यानं फक्त षड्जच ठोकायचा असो.

आता तर सोलापूरलाही विमान आलं आहे. त्यासाठी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, उंची आड येत होती म्हणून. दोन वर्षांनी गोव्याचं विमान सुरू झालं. तानपुऱ्याचीही अडचण उंचीचीच आहे, आणि मिरजकरांनी तीही थोडी पाडून पाहिली. आखूड, चपट्या पाठीचा, दांडी सुटी होणारा प्रवासी तानपुरा ते करून देतात. वाजतो तो. पण भोपळा नाही म्हटल्यावर सोलापूरकरानं त्याला किती आपला म्हणायचं? शिवाय इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहेच, शबनममध्ये मावणारा. गंमत अशी की तो करणारे बंगळुरूचे राज नारायण हे बासरी वाजवणारे, आणि नोकरी केलेली हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये. विमानवाल्यांना तानपुऱ्याची अडचण आधी कळावी, हे योग्यच. आता मोबाइलमध्येही तो फुकट मिळतो. रियाजाला मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मैफलीत गायिकेच्या मागं मोबाइल ठेवलेला असला, की ती कोणाच्या तरी फोनची वाट पाहत गाते आहे असं वाटत राहतं.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची शेवटची हकिगत ठाऊक असलेल्यांना हा सुटसुटीतपणा पटायचा नाही. १९३७ च्या २७ ऑक्टोबरला ते मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला, सांगतात की तानपुरा लावायला सांगितला, दरबारीत ईश्वराची आळवणी केली आणि तिथंच गेले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, दरवर्षी तिथं गाणं होतं. ही हकिगत ऐकताना सगळे दरबारीपाशी थांबतात. मी तानपुऱ्यापाशी थांबतो. तो त्याच गाडीत, हाताशी होता म्हणून हे झालं. तो कुठल्या तरी गाडीच्या पोटात, सही केलेल्या लेबलाखाली असता, तर खाँसाहेबांना काय मोबाइल लावायला सांगावं लागलं असतं?

गेल्या हिवाळ्यात पुतणीला बंगळुरूचं बोलावणं आलं. विमानाचं नाव काढायच्या आधीच ती म्हणाली, "काका, आपण ट्रॅव्हल्सनं जाऊ. स्लीपरनं." पुण्याहून रात्री निघाली की दुसऱ्या दिवशी पोचवते. एका बर्थची लांबी सहा फूट. पाच फुटांच्या पाहुण्याला ऐसपैस. बुकिंग करताना मात्र अडलं, कारण प्रत्येक बर्थसाठी नाव, आडनाव, वय आणि लिंग हवं. नाव तानपुरा, आडनाव मिरजकर, इथवर सोपं होतं. वय पेटीच्या आत पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखेवरून काढलं. लिंगाच्या रकान्यापाशी मी थबकलो. तानपुऱ्यात मर्दानी आणि जनानी असे दोन प्रकार असतात, हे त्या ॲपवाल्यांना कोणी सांगितलं? आमच्या गावात अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ असल्यामुळे मला तिसरी सोयही सुचत होती. पण पुतणीनं या खेपेला जनानी तानपुरा घेतला होता, आणि स्त्री म्हटल्यावर खालचा, पुढचा, एकेरी बर्थ मिळत होता. तोच घेतला. मला वरचा मिळाला, चाकावरचा.

रात्री साडेनऊला गाडी आली. क्लीनरनं मोबाइलवरची यादी पाहिली. "मिरजकर मॅडम आल्या का?" पुतणीनं खोळ दाखवली. त्यानं टॉर्चचा झोत खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत एकदा फिरवला, पडदा ओढून घेतला आणि काही न बोलता पुढं गेला. बालेवाडी मागं पडल्यावर तो परत आला, तीन ब्लँकेटं आणि पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन. आम्हाला दोन पुरे, असं मी म्हणालो.

"तिकिटं तीन, बाटल्या तीन," तो म्हणाला. "आणि त्यांना विचारून ठेवा, जेवणाला गाडी साताऱ्याच्या पुढं थांबते. नंतर उठवलं नाही म्हणून तक्रार नको."