दोन वळणांचा रस्ता

पुण्याकडचा सायकलवाला जगातला कुठलाही रस्ता घाटात मोजतो. 'खंबाटकीपेक्षा अवघड का?' एवढं कळलं की त्याला पुढची माहिती लागत नाही. त्यामुळे पॅटागोनियातला एल चाल्तेन ते एल कालाफाते हा दोनशेहून थोडा जास्त किलोमीटरचा रस्ता नकाशावर पाहून माझा मित्र बापू म्हणाला, "डांबरी आहे, घाट एकही नाही. झोपेतसुद्धा होईल."

वळणंही ठळक अशी दोनच. आधी नव्वदेक किलोमीटर पूर्वेला, मग साधारण तेवढंच 'रुता ४०' या हमरस्त्यानं दक्षिणेला आणि शेवटी तीसेक किलोमीटर पश्चिमेला. बापूनं अंतरं पाहिली. दिशा ही त्याच्या मते मंदिर बांधताना पाहायची गोष्ट.

शाळेत 'गर्जणारे चाळीस' आणि 'खवळलेले पन्नास' हे वारे आम्ही दोन मार्कांपुरते पाठ केले होते. दक्षिण गोलार्धातल्या त्या अक्षांशांवर पश्चिमेकडून सुटलेल्या वाऱ्याला जमीन जवळजवळ आडवी येतच नाही. येते ती दक्षिण अमेरिकेची शेपटी. तिच्यावर अँडीज पर्वत. तिथे भावाभावांत होते तशी वाटणी झालेली आहे: पाऊस बहुतेक सगळा पलीकडे चिलीला, अलीकडे अर्जेंटिनाच्या नशिबी कोरडा वारा. म्हणून इथे झाड नाही, आडोसा नाही. पिवळं गवत, खुरटी झुडपं, तारेची कुंपणं आणि ग्वानाको. हा उंटाचा लांबचा नातेवाईक रवंथ करत आपल्याकडे निवांत बघत राहतो. त्याला कुठे पोचायचं नसतं.

एल चाल्तेनच्या डोक्यावर फिट्झ रॉय हा ३,४०५ मीटरचा सुळका आहे. मोरेनो या अर्जेंटिनी संशोधकानं १८७७ साली त्याला 'बीगल' जहाजाच्या कप्तानाचं नाव दिलं. याच कप्तानसाहेबांनी १८६१ मध्ये इंग्लंडात वर्तमानपत्रातून हवामानाचा अंदाज द्यायला सुरुवात केली होती. त्यांच्या पायथ्याशी राहून मी आमच्या हॉस्टेलच्या मालकीणबाईंना विचारलं, "उद्या हवा कशी असेल?" "वारा." "आणि परवा?" "वारा." कप्तानांना फार कष्ट पडले नसते.

पूर्वेला निघालो तो वारा पाठीशी. पेडलवर पाय नुसते ठेवायचे. जाकीट फुगून बापूचं गलबत झालं होतं, आणि या वेगाचं सगळं श्रेय तो सिंहगडावरच्या सरावाला देत होता. समोरून एक जोडपं सायकली हातात धरून चालत येताना दिसलं. सपाट रस्त्यावर, चालत! "सराव नाही," बापू म्हणाला आणि हात उंचावून "वामोस!" असं ओरडला. त्यांनीही काहीतरी उत्तर दिलं. वाऱ्यानं ते आमच्यापर्यंत येऊ दिलं नाही, बरंच झालं.

दक्षिणेला वळल्यावर वारा उजव्या कुशीत आला. इथली वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते. म्हणजे वारा ढकलतो तो थेट मध्यावर, जिथून ट्रक जातात. म्हणून उजवीकडे अंग टाकून चालवायची. लांबून बघणाऱ्याला आम्ही कलंडतो आहोत असं वाटलं असतं, पण लांबून बघायला कोणी नव्हतं. ला लेओनाच्या जुन्या खानावळीच्या पुढे एक ओसाड गुलाबी घर आहे. इथे तंबूपेक्षा पडकी भिंत बरी, आणि तीही नसेल तर सायकलवाले रस्त्याखालच्या मोरीत झोपतात. त्या घराच्या भिंती जगभरच्या सायकलवाल्यांनी लिहून भरवल्या आहेत. बऱ्याच मजकुराची भाषा कळली नाही, भाव कळला.

आणि मग पश्चिम. घाटाला माथा असतो, माथ्यावर चहाची टपरी असते, पलीकडे उतार असतो. वाऱ्याला यातलं काहीच नसतं. सगळ्यात हलक्या गिअरवर आम्ही पायी चालणाऱ्याच्या वेगानं निघालो. एकानं पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्यानं त्याच्या मागे लपायचं, पाच-पाच मिनिटांनी बदली, असं ठरलं. बापूची पाच मिनिटं फार लवकर संपतात असं मला वाटे, त्याला माझी. यावरून आम्ही एकमेकांना जे काही बोललो ते वाऱ्यात धड ऐकू आलं नाही. मैत्री टिकली ती त्यामुळे.

कालाफाते हे त्या भागातल्या एका काटेरी झुडपाचं नाव. त्याला जांभळी, आंबटगोड फळं येतात. त्याच नावाच्या गावात आम्ही एकदाचे पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांचा जॅम होता. बापूनं वाटी बोटानं पुसून चाटल्यावर वाढणारी मुलगी कौतुकानं म्हणाली, "हे फळ खाल्लेला माणूस पॅटागोनियात परत येतोच."

बापूनं बोट तोंडातून काढलं. "विचार तिला," तो मला हळूच म्हणाला, "बसनं आलेलं चालतं का?"