पाना घेऊन बसण्याचे शास्त्र

मोटारसायकल पंधरा वर्षांची झाली की कायद्याच्या दृष्टीने तिचा पुनर्जन्म होतो. आरटीओत खेटे घालून नोंदणीचे नूतनीकरण करायचे, पर्यावरण कर भरायचा, की पुढची पाच वर्षे ती रस्त्यावर हक्काने खडखडायला मोकळी. प्रस्तुत मार्गदर्शन अशा गाड्यांच्या मालकांसाठी आहे. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी इथेच थांबावे आणि सर्व्हिस सेंटरच्या एसीत बसून चहा घ्यावा.

उदाहरणादाखल हिरो होंडा घेऊ. 1985 साली सीडी हंड्रेड आली, 1994 साली स्प्लेंडर आली, आणि 97.2 सीसीच्या त्या इंजिनाने दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना कामाला पोचवले. जाहिरात सांगायची, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. आपल्या लोकांनी त्यातली तिसरी आज्ञा मनापासून पाळली. पेट्रोल भरले, झाकण लावले आणि गाडीला ऑइल, चेन, केबल असले काही असते हे साफ विसरले. पुढे 2010 साली हिरो आणि होंडा यांनी वेगळे व्हायचे ठरवले. गाडी मात्र जिन्याखाली उभीच आहे आणि चार किका मारल्या की सुरूही होते. इतक्या सोशिक यंत्रात मोठे बिघाड सहसा होत नाहीत. होतात त्या कुरबुरी. कुरबुरीचे लक्षण असे, की तिच्यामुळे गाडी अडत नाही, पण मालकाला चैन पडत नाही.

कुरबुर घालवण्याचे मार्ग दोन. एक दुरुस्ती, दुसरा खटपट. दुरुस्तीला दहा मिनिटे लागतात, आणि ती आटोपून हात पुसत वर गेले की ऐकू येते, "झालं ना? मग तेवढं दळण आणून टाका." खटपटीला अख्खा रविवार पुरतो. हे मार्गदर्शन अर्थातच खटपटीचे आहे. मधूनमधून दुरुस्तीचाही उल्लेख येईल, तो केवळ ती कशी टाळावी हे कळावे म्हणून.

आधी साहित्य. गाडीबरोबर मिळालेली टूलकिटची रेक्झिनची पिशवी साइड पॅनेलच्या आत असते. तीत जुने पीयूसी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका सापडेल, पाना सापडणार नाही. तेव्हा दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना, पकड, प्लगपाना, काळी टेप, एम-सील आणि सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा जमवावा. नटबोल्टांचा जुना डबा माळ्यावरून काढावा. त्यात हवा तो बोल्ट असतोच, फक्त त्याचे आटे वेगळे असतात. डिस्मिसबाबत मात्र दोन शब्द सविस्तर लिहिणे भाग आहे. इंजिनच्या कव्हरांना जे फुलीचे स्क्रू असतात ते जपानी पद्धतीचे. बाजारातला साधा स्टार डिस्मिस त्यांत पुरता बसत नाही. जोर लावला की टोक वर सरकते आणि फुलीची वाटी होते. दुरुस्तीवाले लोक डिस्मिसच्या मुठीवर आधी हातोडीचा एक ठोका देतात, मग खांद्याचे सगळे वजन टाकून सावकाश फिरवतात. स्क्रू निमूट निघतो. आपण ठोका द्यायचा नाही. वाटी झाली की छिन्नी आणायला बाजारात जाता येते, आणि तिथे तास सहज निघतो.

तक्रार कुठलीही असो, सुरुवात प्लगपासून करावी. तक्रार मागच्या मडगार्डची असली तरीही. प्लग काढण्याचे मुख्य कारण तो काढता येतो हेच आहे. वायर न ओढता कॅप धरून ओढावी, प्लगच्या बुडाशी साचलेली माती फुंकून उडवावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. प्लग हातात आला की उजेडाकडे धरून बारीक डोळ्यांनी पाहावा आणि "हं" म्हणावे. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर इंजिनाची तब्येत उत्तम आहे. तसे झाल्यास निराश होऊ नये. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, किंवा एअर फिल्टरने कित्येक उन्हाळ्यांची धूळ पोटात घेतली आहे. टोक ओले, तेलकट असेल तर रिंगांचे किंवा व्हॉल्व्ह सीलचे दिवस भरले. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि इंजिन तापते आहे. मग पॉलिश पेपरने टोक घासून फट पाहावी. ती 0.6 ते 0.7 मिलिमीटर हवी. तेवढे बारीक मोजायचे कसे, असे विचारून लोक घाबरवतील. लोखंड कापायच्या करवतीचे पाते जवळपास तेवढेच जाड असते आणि गॅरेजमधले मिस्त्री तेच सरकवून बघतात. पाते अडकत सरकले की झाले. परत बसवताना पहिले आटे बोटांनी फिरवावेत. सुरुवातीलाच पाना लावला आणि आटे तिरके बसले तर अॅल्युमिनियमचे हेड माफ करत नाही, आणि तक्रार 'किरकोळ' या सदरातून बाहेर पडते.

आता खडखड. आवाज शोधून काढणे ही या शास्त्रातली वरची पायरी आहे. गाडी उभी असताना आवाज येत नाही आणि चालताना कुठून येतो ते कळत नाही, यातच त्याची प्रतिष्ठा आहे. इग्निशनच्या चावीला घराची, कपाटाची आणि ऑफिसच्या ड्रॉवरची किल्ली लटकत असते व खड्डा आला की जुडगा हॅन्डलवर आपटतो. पुष्कळशा खडखडी इथेच संपतात, म्हणून ही तपासणी सर्वांत शेवटी ठेवावी. आधी इंजिन सुरू करून थोडी रेस द्यावी आणि एकेक भाग तळहाताने दाबत जावे. नंबरप्लेट, साइड पॅनेल, सायलेन्सरचे गार्ड, साडी गार्ड, चेनकव्हर. जो दाबल्यावर आवाज थांबेल तो गुन्हेगार. (सायलेन्सरचे गार्ड दाबताना फडके घ्यावे. न घेतल्यास हा टप्पा आपोआप संपतो.) दुरुस्ती म्हणाल तर बोल्टखाली ट्यूबचा एक गोल तुकडा घालायचा आणि आवळायचे. पण इथे खरी गंमत सुरू होते. हे एकत्र कुटुंब आहे: थोरल्याचा आवाज बंद झाला की इतकी वर्षे त्याच्यापुढे दबून राहिलेला धाकटा बोलू लागतो. नंबरप्लेट गप्प झाली की साइड पॅनेल, ते गप्प झाले की आतला टूलकिटचा पट्टा. नीट नियोजन केले तर ट्यूबचा तुकडा दिवाळीपर्यंत पुरतो.

चालत्या गाडीतला आवाज ऐकायला मागे माणूस हवे. सौभाग्यवतींना विनंती करून बसवावे.

"आला का आता?"

"काय?"

"आवाज, आवाज!"

"तुम्ही एवढ्यांदा विचारताय, त्यात काही ऐकूच येत नाहीये."

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका पेपर काखेत घालून खाली उतरतात आणि लांबूनच निदान करतात, "टॅपेट असणार." टॅपेट हा शब्द मराठी पुरुषाला जन्मतः येतो. खरे पाहता टॅपेटची फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, ती इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहायची, आणि थोडी टकटक करणारे टॅपेट एक वेळ परवडते. फार आवळून गप्प केलेले टॅपेट व्हॉल्व्ह जाळते. हे काकांना सांगू नये. त्यांना पकड धरायला द्यावी.

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करावा. या वाक्याचा पुढे उपयोग होणार आहे. कार्बोरेटरला बाहेरून फिरवण्याजोगे दोन स्क्रू असतात, एक स्लो स्पीडचा, दुसरा हवेचा. सिग्नलला गाडी बंद पडते अशी तक्रार असेल तर दुरुस्तीवाले इंजिन गरम करून घेतात, हवेचा स्क्रू हळुवार टेकेपर्यंत आत घेतात, साधारण दीड फेरा बाहेर काढतात, आणि तिथून थोडे मागेपुढे करत इंजिन जिथे सर्वांत मोकळे फिरेल तिथे सोडतात. मग स्लो स्पीड कमी करतात. यात करमणूक अशी नाहीच. खटपटीच्या पद्धतीत दोन्ही स्क्रू एकदम फिरवायचे असतात, आणि किती फिरवले ते मोजायचे नसते. सोसायटीत येणारा-जाणारा प्रत्येक जण पाव फेरा फिरवून जातो. सोमवारी मिस्त्री गाडीकडे बघतो आणि एवढेच विचारतो, "काका, स्क्रूला कुणाकुणाचा हात लागलाय?"

हॉर्न, इंडिकेटर आणि स्पीडोमीटर यांत फारसे काव्य नाही. हॉर्नचा घसा बसला असेल तर मागच्या बारीक स्क्रूला पाव फेरा देऊन पाहावे. आवाज सुटतो, आणि नाही सुटला तर बॅटरीकडे वळावे. इंडिकेटर नुसताच पेटून राहतो किंवा घाई झाल्यासारखा लुकलुकतो तेव्हा बहुधा एक बल्ब गेलेला असतो, नाहीतर अर्थिंगच्या जागी गंज धरलेला असतो. गंज घासायला प्लगचाच पॉलिश पेपर चालतो. स्पीडोमीटरचा काटा थरथरतो कारण केबल आत कोरडी पडली आहे. आतली तार ओढून काढावी, पुसावी, ग्रीस लावावे, पण मीटरकडचे वरचे टोक कोरडे ठेवावे, नाहीतर ग्रीस वर चढून काचेआड जाते. तसा थरथरणारा काटा वाईट नाही. वीस ते साठमधला कुठलाही वेग आपला म्हणता येतो.

ब्रेक, टायर, पुढचा फोर्क आणि चाकांचे नट यांना खटपटीतून वगळले आहे. तिथे थट्टा नको. ड्रमच्या बाहेर एक छोटा बाण असतो. ब्रेक पुरता दाबल्यावर तो खुणेला भिडला तर लायनर संपले, सरळ बदलून घ्यावे. मागची चेन ओढली तर चाक मागे सरकते आणि ब्रेकचा रॉडही पुन्हा लावावा लागतो, हे अनेकांना पहिल्या उतारावर कळते. चेन दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवूनच ओढावी, आणि मधोमध बोटाने वरखाली केली तर अडीच-एक सेंटिमीटर हलू द्यावी. ताठ चेन दिसायला छान दिसते आणि बेअरिंग खाते.

शेवटी ट्रायल. "एक ट्रायल मारून येतो" असे वर ओरडून सांगितल्याशिवाय निघू नये, कारण ट्रायलचा रस्ता टपरीवरून जातो आणि तिथे वेळ लागतो. निघताना टूलकिट घरीच ठेवावी. पेट्रोलचा कॉक मघाशी बंद केला होता, तो आता आठवू नये. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी अप्रतिम धावते, आवाज नाही, झटका नाही, काही नाही. मग कोपऱ्यापुढे थोड्याच अंतरावर ती दोन आचके देऊन बंद पडते. घाबरू नये. गाडी बाजूला घ्यावी, स्टँडवर लावावी, बाह्या वर कराव्यात आणि प्लगपासून सुरुवात करावी.