मंगळावर हापूस

मंगळ राहण्याजोगा करायचा असेल, तर त्याचं कंत्राट कोकणातल्या पूर्णगड-पावस पट्ट्यातल्या माणसांना द्यावं, अशी आमची सरळ मागणी आहे. अमेरिकेतले विद्वान या विषयावर अर्ध्या शतकाहून अधिक काळ कागद काळे करताहेत. आम्ही हे काम करून हात धुऊन बसलो आहोत.

खात्री करायची असेल त्यांनी मुचकुंदीच्या खाडीकडून वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, चढावं. मे महिन्यात चप्पल काढायची सोय नाही, इतका तापलेला तांबडा कातळ. माती म्हणाल तर फटीत अडकेल तेवढीच. पाण्याचा पत्ता नाही. मंगळ तांबडा का, तर त्याच्यातलं लोखंड गंजलं म्हणून. आमचा जांभा तांबडा का, तर त्याच कारणानं. आणि अशा या गंजक्या दगडावर आम्ही हापूस पिकवून तो वाशीच्या मार्केटात नेऊन विकला आहे. नासाने अजून मंगळावर मेथीची जुडीसुद्धा काढलेली नाही.

पद्धत अगदी सोपी. कातळात मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्डा मारायचा; पूर्वी सुरुंगानं, आता जेसीबीला ब्रेकर लावून. दुसरीकडची माती डंपरनं आणून त्यात ओतायची. दहा-दहा मीटरवर कलमं लावायची, पहिली काही वर्षं टँकरनं पाणी पाजायचं, भोवतीनं दगडांचा गडगा घालायचा आणि मोहोर वेळेवर यावा म्हणून बुंध्याशी कल्टार ओतायचं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, अनुदान आलं, आणि बघता बघता काळेतांबडे सडे हिरवे झाले.

हे सगळं ज्यांनी स्वतः केलंय अशा आमच्या शेजारच्या बागायतदार काकांना आम्ही मंगळाचा प्रस्ताव समजावून सांगितला. इलॉन मस्कसाहेबांनी २०१५ साली टीव्हीवर सांगितलं होतं की मंगळ झटपट तापवायचा तर त्याच्या ध्रुवांवर अणुबाँब टाकावेत.

"म्हणजे सुरुंगच की," काका म्हणाले. "परवाना काढलाय का? आणि माती कुठली भरणार?"

माती तिथलीच, असं सांगितल्यावर काकांनी मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. ते माणसाच्या थायरॉइडला बाधतात. म्हणजे माती बाहेरूनच आणायची, आणि पावसहून डंपर निघाला तरी पोचायला सहा-सात महिने.

"हवा?"

हवेचं जरा अवघड आहे. तिथला दाब साधारण ६ मिलिबार, आपल्याकडे १,०१३. ध्रुवांवरचा बर्फ वितळवून आणि दगडमातीतून कार्बन डायऑक्साइड पिळून काढून हा दाब वाढवायचा, असा बेत होता. पण २०१८ साली ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या दोन शास्त्रज्ञांनी मंगळाची तिजोरी मोजली आणि हाताशी येण्यासारखा सगळा वायू मोकळा केला तरी गाडी २० मिलिबारच्या आसपासच अडेल, असं दाखवून दिलं. प्राणवायू तयार करण्याचा प्रयोगही झाला. मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मॉक्सी नावाचं यंत्र होतं. त्यानं २०२१ ते २०२३ या काळात मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर लागतो. काकांनी हिशेब केला आणि "म्हणजे एक माणूस सकाळचा चहा घेईपर्यंत पुरेल," एवढंच म्हणाले.

पण खरा बागायतदार वाईटातूनही चांगलं शोधतो. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं, हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. हापूस मेला वर्षाआड धरतो, ही कोकणची जन्माची रड. तिथे वर्षच जवळजवळ दुप्पट लांब, म्हणजे आंबा दरवर्षी! गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. पाच डझनांची पेटी उचलली तर हाताला दोन डझनांइतकीच लागणार. हमालीत बचत. फक्त वजन कमी भरलं म्हणून दलाल भाव पाडणार नाही, असं लेखी घ्यावं लागेल.

आता नीतीचा प्रश्न. दुसऱ्याच्या ग्रहावर असं शिरावं का? इथेही आमचा अनुभव कामी येईल. आम्ही हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहायचं. ज्या जमिनीत भात होत नाही ती खराब, जी खराब ती ओसाड, आणि जी ओसाड तिथे कुणी राहत नाही. प्रश्न संपला.

आता काही चिकित्सक लोक कुरकुर करतात. म्हणतात, जूनमध्ये एकदा सड्यावर जाऊन बघा. पहिल्या पावसात कातळावर डबकी साठतात, त्यात बेडूक ओरडतात, मग सीतेची आसवं आणि गेंद फुलून सगळा सडा निळापांढरा होतो. पूर्णगडच्या शेजारच्या डोर्ल्याला तर एक बोटाएवढी, पांढऱ्या पट्ट्यांची पाल सापडली. ग्रँडिसन आणि सोमण या दोघांनी १९६३ साली तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस असं तिचं नाव. नाव पालीपेक्षा लांब. ती उघड्या सड्यावर सुट्या दगडांखाली राहते आणि कोकणपट्टीचे सडे सोडले तर जगात कुठेही राहत नाही. बाग करताना पहिलं काम कुठलं? सुटे दगड गोळा करून गडगा घालणं. थोडक्यात, पालीचं घर उचलून आम्ही तिच्याच जागेला कुंपण घातलं.

खाडीवरचा पूल ओलांडून गावखडीवरून पुढे गेलं की कशेळी. तिथल्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी भलामोठा हत्ती कोरला आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. म्हणजे या ओसाड जागेवर माणसं इतक्या जुन्या काळापासून वावरत होती, फक्त कुणी घरपट्टी भरत नव्हतं. बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रं आली, तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. ओसाड जागेवर इतक्या बायका आल्या कुठून, याचा तपास अजून व्हायचाय.

मंगळाच्या बाबतीत मात्र जग फार हळवं आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० साली 'कॉसमॉस' या पुस्तकात मांडलं की मंगळावर जीव असेल, मग तो सूक्ष्मजंतू का असेना, तर मंगळ त्याचा. आपण तिथे ढवळाढवळ करू नये. सूक्ष्मजंतू का असेना! डोर्ल्याच्या पालीला पाठीचा कणा आहे, दोन डोळे आहेत, लॅटिन नाव आहे. पण डोर्ल्याचा सडा तिचा, असं म्हणणारा सेगन तिला भेटला नाही. मंगळावर उतरणाऱ्या यानावर तीन लाखांहून जास्त जिवाणूंचे बीजाणू चालत नाहीत. त्यासाठी माणसं नखशिखान्त पांढरे झगे घालून यान पुसत बसतात. आमच्याकडे सड्यावर चढणाऱ्या जेसीबीची नुसती बकेट तपासायला दिली, तर मोजणारा राजीनामा देऊन घरी जाईल. जिथे जीव असेल की नाही ठाऊक नाही, तिथे आपण पाय पुसून जातो. जिथे आहे हे १९६३ पासून छापून आलंय, तिथे ब्रेकर लावतो.

शिवाय मंगळ राहण्याजोगा झालाच, तर राहणार कोण? पूर्णगडात १,०१३ मिलिबार हवा फुकट आहे, प्राणवायू २१ टक्के, खाडीत मासळी, गुरुत्वाकर्षण पुरेपूर. तरी निम्म्या घरांची कुलपं गणपतीत आणि शिमग्यात तेवढी निघतात. बागेचे मालक मुंबईत, राखणीला नेपाळहून आलेलं कुटुंब. मंगळावरही हेच होणार. ग्रह वसवतील मालदार, नावं लावतील मालदार, आणि काचेच्या घुमटात रात्री बॅटरी घेऊन फिरेल तो बिचारा नेपाळचाच. चाकरमानी मात्र तिथे सुखानं जाईल. मंगळयान नोव्हेंबर २०१३ मध्ये निघालं, सप्टेंबर २०१४ मध्ये पोचलं, काम करून २०२२ साली गप्पही झालं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण त्याच्या आधी निघालं होतं. यान गप्प झालं तेव्हा ते वाटेतच होतं.

या सगळ्याचा विचार करून आम्ही एक अर्ज तयार केला. मंगळाचं पूर्णगड करण्यापेक्षा पूर्णगडच्या सड्याचा मंगळ करावा. म्हणजे हा सडा कागदोपत्री मंगळ ग्रहाला जोडावा. फायदे उघड आहेत. १९६७ चा अंतराळ करार लागू होईल, त्यावर भारताची सही आहेच. त्यानुसार तिथे कुठलंही राष्ट्र मालकी सांगू शकत नाही, आणि बाहेरची घाण नेऊन तिथे नुकसान करायलाही बंदी आहे. चिरेखाण बंद, सुरुंग बंद, पाल सुखी. पूर्वपीठिकाही भक्कम: आमच्या पूर्णगड किल्ल्याच्या दरवाजावर गणपतीच्या बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले आहेतच, मंगळ तेवढा हद्दीत घ्यायचा राहिलाय.

तलाठी भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. फेरफाराला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील, म्हणाले. उताऱ्यावर नावं बेचाळीस, त्यातली अर्धी मुंबईत आणि काही थेट स्वर्गात.

"त्या आणू हो," आम्ही म्हणालो. "बाकी अडचण काय?"

"अडचण तुम्हाला येईल," भाऊसाहेब म्हणाले. "ही बातमी फुटली, की दुसऱ्या दिवशी पावसच्या नाक्यावर एजंटाचा बोर्ड लागेल: मंगळ टच, रोड टच, सी-व्ह्यू, क्लिअर टायटल. बुकिंग चालू."