नानांची वसुली

नाना आजवर सात वेळा कॅसिनोत जाऊन आले. त्यातल्या सहा वेळा त्यांनी स्वतःच्या खिशातला रुपयाही डावावर लावला नाही. सातव्या वेळी मी सोबत होतो. त्याबद्दल पुढं सांगतो.

आधी नाना. वसईत पापडीच्या तळ्यापासून चार घरं टाकून राहतात. बँकेत कॅशियर होते, म्हणजे तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. अशा माणसाला पैशाचा मोह उरत नाही, हिशोबाचा उरतो. दारू नाही, तंबाखू नाही, दिवाळीतसुद्धा पत्त्यांना हात लावत नाहीत. व्यसन एकच, वसुली. दिलेल्या पैशाची पुरती वसुली झाली पाहिजे आणि न दिलेल्या पैशाची त्याहून जास्त.

आठवडी बाजारात नाना सुकट घेतात तेव्हा वजन झालं, पैसे दिले की व्यवहार संपत नाही, तिथून तो सुरू होतो. 'वर काय?' असं म्हणून ते पिशवीचं तोंड उघडं धरून उभे राहतात. मावशी त्यांना पुरून उरणाऱ्या. त्या वजनातच मूठभर कमी घालतात आणि तीच मूठ वरून देतात. दोघंही खूश. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींचा धंदा नेमका याच तत्त्वावर चालतो, पण हे नानांना सांगायची माझी छाती झालेली नाही.

ही जात सगळीकडे असते. प्रदर्शनात लोणच्याचे सगळे नमुने चाखून 'विचार करतो' म्हणणारे, कार्डावरून दोन रुपये कापून घेऊन विमानतळाच्या लाउंजमध्ये दोनदा जेवणारे आणि त्यासाठी विमानाच्या चार तास आधी पोचणारे. नाना त्या जातीतले, फक्त त्यांनी वसुलीसाठी जागा अशी निवडली की जिथं आजवर भलेभले रिकाम्या खिशाने बाहेर पडले.

खरं तर त्यांना एवढ्या लांब जायचं कारण नव्हतं. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता. नियंत्रण कसं, कर किती, सगळं लिहून तयार. फक्त तो लागू कधी झालाच नाही. सत्तेचाळीस वर्षं कपाटात राहिला आणि २०२३ मध्ये सरकारने रद्द करून टाकला. नाना म्हणतात, 'पत्रिका छापल्या, आचारी बोलावला आणि पंगत उठवली. बसवायच्या आधी.' दमण त्यातल्या त्यात जवळ. तिथं कॅसिनोच्या आशेवर एक मोठं हॉटेल उभं राहिलं, म्हणून नाना खात्री करायला जाऊन आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, 'हॉटेल आहे, समुद्र आहे, कॅसिनो नाही. नाश्त्याचे पैसे आपले आपण.'

उरला गोवा. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरच्या खेळाला वाट करून दिली. पुढं मांडवीत पहिली बोट उभी राहिली तिचं नाव कॅराव्हेला, म्हणजे पोर्तुगिजांचं जुनं शिडाचं गलबत. आता पणजीच्या जेट्टीवरून संध्याकाळी पाहिलं तर नदीत पाच-सहा लग्नघरं तरंगताना दिसतात. गंमत अशी की १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकाराला आत प्रवेश नाही. आमच्या आळीतल्या अंकलचा मेव्हणा म्हापशाचा आहे, तो यावर अजून चिडून आहे. नाना त्याला समजावतात, 'हे बघा, पोर्तुगीज तुमच्याकडेही होते आणि आमच्याकडेही. आम्ही १७३९ लाच सुटलो, तुम्ही १९६१ ला. आधी सुटला त्याला आधी बोट.' चिमाजीअप्पांनी वसईला एवढे दिवस वेढा घातला तो यासाठी, असं त्यांना खरंच वाटतं की काय, देव जाणे.

ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली आणि नानांचा हिशोब पुरा झाला. पूर्वी बसने जावं लागे, कंबर जाई, आणि कंबरेची वसुली कुठं करणार? ही गाडी बुधवारी आणि शुक्रवारी जाते, मंगळवारी आणि गुरुवारी परत येते. बुधवारी सकाळी वसई रोडला बसायचं, रात्री करमळीला उतरायचं, रात्रभर बोट, गुरुवारी सकाळी मडगावहून परत. बोटीचं तिकीट शुक्रवार ते रविवार महाग, बुधवारी स्वस्त. लॉज नाहीच. 'रेल्वेने वेळापत्रक कुणासाठी केलंय ते कळतं ना?' नानांनी मला विचारलं. मुंबईकडून आलेल्या या गाडीला दिव्याच्या मार्गाला लागायचं तर वसईला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. तेवढ्या वेळात नानांनी पोह्यांचा डबा उघडला. 'वसईला येऊन गाडीसुद्धा विचार बदलते,' ते म्हणाले. मी तेव्हाच उतरायला हवं होतं.

बोटीवर चप्पल चालत नाही, म्हणून नानांनी मुलाचे बूट घातले होते. ते एक नंबर मोठे, त्यामुळे जेट्टीवर चालताना आधी नाना यायचे आणि मागून बूट. मनगटाला कागदी पट्टा बांधला, झडती झाली, आणि लहान बोटीने मोठ्या बोटीवर नेलं. तिकिटात काय काय असतं हे नाना मला रत्नागिरीपासून पाठ करून घेत होते. जेवण हवं तेवढं, दारू हवी तेवढी, स्टेजवरचा कार्यक्रम, आणि एक हजाराचं कूपन. त्या कूपनला तिथं 'वन टाइम प्ले' म्हणतात, म्हणजे ओटीपी. पहिल्या खेपेला काउंटरवरची मुलगी 'सर, आपका ओटीपी' म्हणाली तेव्हा नानांनी मोबाइल छातीशी धरला होता. बँकेत इतकी वर्षं काढलेला माणूस, ओटीपी कुणाला देतो काय!

या कूपनचे पैसे होत नाहीत. ते टेबलावर लावायचं. हरलात तर गेलं, जिंकलात तरी ते जातंच, पण त्याच्या किमतीच्या खऱ्या चिप्स मिळतात आणि त्यांचे पैसे होतात. बाकी सगळे लोक कूपन संपलं की खिशात हात घालतात. बोटीचं पोट त्यावर चालतं. नाना कूपन संपलं की जेवायला जातात.

आणि जेवतात कसे, ते पाहण्यासारखं आहे. आधी रिकाम्या हाताने सगळ्या काउंटरांवरून एक प्रदक्षिणा. झाकणं उघडायची, वास घ्यायचा, पुढं जायचं. 'पहिल्या फेरीला भात घेणारा माणूस आयुष्यात मागंच राहतो,' हे त्यांचं मत. मैदा वर्ज्य, कारण मैदा घरी मिळतो. कोळंबी असताना पनीरकडे नुसतं पाहायचंही नाही. साडेदहाला एक पंगत, बाराला दुसरी, दीडच्या सुमाराला 'जरा बघून येतो' या नावाखाली तिसरी. मधल्या वेळेत स्टेजसमोर बसून प्रत्येक गाण्याला टाळ्या. नाच चालू असताना डोळे मिटून घेतात, पण टाळ्या सोडत नाहीत, त्या तिकिटात आहेत.

एक शल्य मात्र त्यांना सहाही खेपांना बोचत आलं होतं, ते दारूचं. एवढी तिकिटात धरलेली दारू अशीच वाहून जायची. एका व्हिस्कीचे तीन लिंबूसोडे असा दर लावून त्यांनी पाहिला, पण पोट ऐकेना. मला आग्रहाने का आणलं ते तेव्हा उलगडलं. 'तू घेतोस ना? मग माझीही घे,' नाना म्हणाले. एवढ्या मायेने मला आजवर कुणी पाजली नव्हती.

पहाटेची झोप स्लॉट मशीनसमोरच्या खुर्चीत. सुरक्षारक्षक येऊन 'सर, सोना मना है' म्हणतो, म्हणून नाना एक बोट बटणावर ठेवून झोपतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस केवढ्या विचारात आहे.

दारू सोडून हे सगळं नंतर. त्याआधी कूपनं लावायची होती. नानांची योजना वेफर्सच्या रिकाम्या पाकिटावर आखलेली होती. रुलेच्या चाकावर सदतीस घरं. अठरा लाल, अठरा काळी, एक हिरवं, ते शून्याचं. 'मी काळ्यावर लावतो, तू लालवर लाव. दोघांपैकी एक जिंकणारच. हजाराचे पाचशे-पाचशे. डोकं वापरायचं, नशीब नाही.' मी म्हटलं, नाना, कूपन जाणारच आहे, तर ते एखाद्या आकड्यावरच लावावं. लागला तर पस्तीस पट. हिशोबाने त्याची सरासरी किंमत रुपयाला साडेचौऱ्याण्णव पैसे पडते, लाल-काळ्यावर एकोणपन्नाससुद्धा पडत नाही. नानांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. 'सरासरी तू पापडीला घेऊन जाणार आहेस का?'

यावर उत्तर नव्हतं. मी लालवर लावलं, नानांनी काळ्यावर.

चेंडू फिरत राहिला. नाना चेंडूकडे पाहतच नव्हते, कारण निकाल लागलेला होता. ते चिप्स ठेवायला शर्टाचा वरचा खिसा मोकळा करत होते. चेंडू एका काळ्या घरावर आपटला, उडाला, लाल घराच्या काठावरून घसरला आणि शून्यात जाऊन बसला. हिरवं घर. डीलर मुलीने दोन्ही कूपनं एकाच हाताने ओढून घेतली. तिच्या चेहऱ्यावर ना सुख ना दुःख. नाना बँकेच्या काचेमागे बसायचे तेव्हा असेच दिसायचे.

'माझे हजार गेले,' नाना म्हणाले.

'नाना, ते तुमचे नव्हतेच.'

'नव्हते कसे? तिकिटात होते.'

त्यानंतर जे झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही, कारण तोवर मी दोघांची घेतलेली होती. फुकट मिळालेले हजार रुपये परत मिळवायला नाना कॅश काउंटरवर गेले आणि स्वतःचे दोन हजार मोडून आले. सहा खेपांत सुटं न झालेलं पाकीट. चार चिप्स, पाचशेची एक. काळा, लाल, लाल, काळा असं लावलं. चाकाला लाल, काळा, काळा, लाल असं पडायचं होतं. दहा मिनिटं लागली असतील. सकाळी बोटीवरून उतरताना त्यांनी दारातल्या वाटीतून बडीशेप घेतली, मूठभर. कुणी 'वर काय' विचारायच्या आत.

परतीच्या गाडीत ते कणकवलीपर्यंत गप्प होते. मग एकदम सरकारवर घसरले. कॅसिनोवरचा जीएसटी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, आणि तो प्रवेशाच्या तिकिटालाही लागतो. 'कॅसिनोचं घर सदतीसांत एक. सरकारचं शंभरांत चाळीस. खरी बोट दिल्लीला उभी आहे,' ते म्हणाले, आणि जरा बरं वाटून त्यांनी चहा मागवला. चहाचे पैसे मी दिले.

नानांची एक वही आहे. प्रत्येक खेपेचं एक पान. डावीकडे खर्च, उजवीकडे वसुली. कोळंबी सोळा नग, गुलाबजाम पाच, लॉज वाचलं, कार्यक्रम, झोप. सहा पानं फायद्यात. सातव्या पानावर डावीकडे 'औषधं, २०००' असं लिहिलंय. काकू ती वही वाचतात, हे नाना सोडून आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी मला दारातच गाठलं.

'काय रे, यांना बोटीवर काय झालं होतं?'

'पित्त झालं होतं, काकू.'

'पित्ताला दोन हजार? चेंडू कुठल्या घरात पडला ते सांग.' वेफर्सचं पाकीट वहीतच ठेवलेलं होतं.

'शून्यात,' मी म्हटलं.

काकूंनी जरा विचार केला. 'मग त्या घरावर कुणी का नव्हतं लावलं?'

तेव्हापासून नानांचे डोळे पुन्हा चमकायला लागलेत. पुढच्या खेपेला काकूही जाणार आहेत. नाना काळ्यावर, काकू लालवर. मला त्या बुधवारी काम आहे, निघालं नाही तर काढीन. तेव्हा हिरव्या घरासाठी एक माणूस हवा आहे. वय २१ पूर्ण असावं, गोव्याचा रहिवासी नसावा, पहिल्या फेरीला भात घेणारा चालणार नाही. दारू घेणाऱ्यास प्राधान्य, कारण तिघांची घ्यावी लागेल. इच्छुकांनी संध्याकाळी सहानंतर पापडीच्या तळ्यावर चौकशी करावी. बूट स्वतःचे आणावेत.